अर्धं यंत्र : एका जुन्या लेसर प्रिंटरच्या नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

ताईच्या ऑफिसातून निवृत्त झालेला लेसर प्रिंटर घरी आला. सोबत यूएसबी केबल, निम्मा उरलेला टोनर आणि कागदी पाकिटात एक सीडी. सीडीवर छापलंय: विंडोज ९८, एमई, २०००, एक्सपी. पुढे काही नाही.

ऑफिसात हा एका ३२-बिट विंडोज १०च्या संगणकाला जोडलेला होता आणि एक्सपीच्याच ड्रायव्हरवर (संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषी प्रोग्राम) कसाबसा चालत होता. १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तो संगणक गेला, नव्यावर विंडोज ११ आलं. विंडोज ११ची ३२-बिट आवृत्तीच नाही, आणि ६४-बिट विंडोजचा प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारा भाग) ३२-बिट ड्रायव्हरच्या डीएलएल फाइली स्वतःत घेऊ शकत नाही. कंपनीने या मॉडेलसाठी नवा ड्रायव्हर काढलेला नाही. प्रिंटर भंगाराच्या ढिगात गेला, तिथून ताईने उचलला. "अरे, चालतो तो. पण चालत नाही," असं तिचं निदान. पुढचा महिनाभर मला याहून नेमकं वर्णन सापडणार नाही असं दिसतंय.

काम असं ठरवलं: लिनक्स चालवणाऱ्या छोट्या एआरएम बोर्डाला (फोनमध्ये असतो तशा प्रोसेसरच्या चिमुकल्या संगणकाला) हा जोडायचा आणि घरातल्या सगळ्या यंत्रांवरून छापता यायला हवं. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण या जातीचे प्रिंटर बऱ्याच कंपन्यांनी काढले.

पहिली चाचणी माझ्या लॅपटॉपवर. प्रिंटर यूएसबीवर दिसतो, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) यूएसबीएलपी मॉड्यूलने त्याला लगेच धरलं, प्रिंटरकडे माहिती ओतायची वाट, /डेव्ह/यूएसबी/एलपी०, तयार झाली. त्यात साधी मजकुराची फाइल ओतली. पीसीएल ही छपाईची भाषा समजणाऱ्या प्रिंटरने निदान वेडीवाकडी अक्षरं तरी छापली असती. हा ढिम्म. दिवासुद्धा मिचकावला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

प्रिंटरला त्याचीच ओळख विचारली. यूएसबी प्रिंटर 'डिव्हाइस आयडी' नावाची एक ओळ देतो: निर्माता, मॉडेल, आणि सीएमडी या शब्दापुढे त्याला येणाऱ्या भाषा. तिथे पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट वगैरे असावं अशी अपेक्षा असते. इथे एकच शब्द आहे, एसीएल. पानाचं वर्णन करणारी कुठलीच भाषा या डब्याला येत नाही.

म्हणजे हा होस्ट-बेस्ड प्रिंटर, बोलीभाषेत 'जीडीआय प्रिंटर'. जीडीआय हा विंडोजचा पडद्यावर आणि कागदावर चित्र काढणारा भाग. पान रंगवायचं सगळं काम तो संगणकात उरकतो आणि प्रिंटरला फक्त तयार ठिपके पाठवतो.

उलट टोक आठवलं. १९८५ सालचा ॲपलचा लेझररायटर. त्यात १२ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० आणि दीड एमबी मेमरी होती. ज्या मॅकिंतॉशला तो जोडायचे त्यात हाच प्रोसेसर जेमतेम ८ मेगाहर्ट्झने चालायचा. प्रिंटर संगणकापेक्षा हुशार होता, कारण पोस्टस्क्रिप्ट वाचून पान रंगवायचं ते त्यालाच. पुढे संगणक वेगवान झाले तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की तोच मेंदू दोनदा कशाला विकत घ्यायचा? प्रिंटरमधला काढून टाकला. हिशेब चुकीचा नव्हता, हेही इथे लिहून ठेवतो. लॅपटॉप पान रंगवतो त्या वेगाने तो स्वस्तातला प्रोसेसर कधीच रंगवू शकला नसता.

कागदावर गणित मांडलं. ए४ पान, ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके): आडवे सुमारे ४,९६० ठिपके, उभे ७,०१६. एकूण साडेतीन कोटींच्या आसपास. एका ठिपक्याला एक बिट धरला तरी सव्वाचार एमबी होतात. सीडीवरच्या माहितीपत्रकानुसार प्रिंटरची मेमरी २ एमबी. आख्खं पान मावतच नाही. शिवाय लेसर प्रिंटर इंकजेटसारखा मध्येच थबकू शकत नाही. कागद आत ओढला की ड्रम फिरतच राहणार. तेव्हा माहिती दाबून, आकसून पाठवणं भागच आहे. ती कशी दाबली आहे, हे फक्त त्या ड्रायव्हरला ठाऊक.

८ नोव्हेंबर, शनिवार

या जातीसाठी फू२झेडजेएस नावाचा मुक्त ड्रायव्हर आहे आणि त्याच्या यादीत माझं मॉडेलही आहे. अर्ध्या तासात काम संपणार म्हणून चहा ठेवला.

पॅकेज टाकलं, कप्समध्ये (लिनक्सची छपाई सांभाळणारी प्रणाली) रांग तयार केली, चाचणी पान पाठवलं. कप्स म्हणतो: 'पूर्ण'. कागद जागचा हललेला नाही. पुन्हा पाठवलं. 'पूर्ण'. चहा गार.

प्रिंटरच मेला नाही ना, हे आधी पाहायला हवं. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, ३२-बिट एक्सपी बसवलं (नेटवर्क तोडून, २०१४पासून त्याला सुरक्षा दुरुस्त्या नाहीत), सीडी चढवली आणि प्रिंटर पाहुण्या विंडोजच्या हवाली केला. जोडताच यंत्र दोन-तीन सेकंद घरघरलं. चाचणी पान सुरेख आलं. म्हणजे तब्येत ठणठणीत.

रात्री ११.४०. एक्सपी बंद केलं, प्रिंटर लिनक्सकडे परत आला. निव्वळ हट्ट म्हणून लिनक्सवरून पुन्हा एक पान पाठवलं. छापलं! अजून एक पाठवलं. तेही छापलं. दिवसभर नक्की काय चुकत होतं देव जाणे. झोपतो.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी छापत नाही.

सेटिंग तेच, केबल तीच, रांग तीच. कप्सचं 'पूर्ण' तेच. दुपारपर्यंत चुकीच्या माणसांची चौकशी केली: परवानग्या, यूएसबीएलपी आणि कप्सची आपसातली ओढाताण, केबल, पोर्ट. यूएसबीएलपी काढून पाहिलं, घालून पाहिलं. नोंदवण्यासारखं काही निघालं नाही.

चार वाजता सुचलं. काल आणि आज यांत एकच फरक आहे: रात्री प्रिंटरचं बटण बंद केलं होतं.

पुन्हा एक्सपी सुरू केलं, प्रिंटर त्याला दिला, घरघर झाली, परत घेतला. लिनक्सवरून छापतोय. डिव्हाइस आयडी वाचली तर तिच्या शेपटाला एक नवी चीज: एफडब्ल्यूव्हीईआर आणि पुढे आकडे. बटण बंद करून चालू केलं, पुन्हा वाचली. शेपूट गायब.

एफडब्ल्यूव्हीईआर म्हणजे फर्मवेअरची, यंत्राला आतून चालवणाऱ्या प्रोग्रामची, आवृत्ती. या प्रिंटरच्या पोटात स्वतःचं फर्मवेअरच नाही! चालू केल्यावर त्याला इतकंच कळतं की आपण यूएसबीवरचा प्रिंटर आहोत आणि कोणीतरी आपल्याला काम शिकवायला येणार आहे. विंडोजचा ड्रायव्हर दर वेळी येतो, फर्मवेअर मेमरीत ओततो, मग हा घरघरतो आणि माणसात येतो. वीज गेली की सगळं विसरला. काल रात्री लिनक्सने छापलं ते एक्सपीने शिकवून ठेवलेल्या धड्यावर.

घरघर कालच ऐकली होती. लिनक्सला जोडल्यावर ती होत नाही, हेही कानावर पडलंच होतं. फक्त दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या नाहीत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पॅकेजमध्ये फर्मवेअर का नाही ते कळलं. ते कंपनीच्या मालकीचं. इतरांनी वाटायला परवाना नाही. ड्रायव्हरचा कोड मुक्त, पण ज्या फाइलवाचून तो कोड निरुपयोगी आहे ती नाही. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपण घरी आणलाय तो प्रिंटर नाहीच. अर्धा प्रिंटर. उरलेला अर्धा सीडीत आहे." वहीचं नाव बदललं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आपल्याच सीडीतून आपल्याच प्रिंटरसाठी फर्मवेअर काढायचं. सीडीवर .आयएमजी शेपटाच्या पाच-सहा फाइली आहेत, कुठली आपली ते लिहिलेलं नाही. अंदाजाने एखादी ओतण्यापेक्षा विंडोज प्रत्यक्ष काय पाठवतं तेच पाहावं.

लिनक्समध्ये यूएसबीमॉन हे मॉड्यूल आहे; यूएसबीवरून जाणारं-येणारं सगळं ते टिपून देतं. प्रिंटर व्हर्च्युअल मशीनला दिलेला असला तरी तारेवरची वाहतूक यजमान कर्नलमधूनच जाते, त्यामुळे एक्सपीला न कळता त्याचं बोलणं ऐकता येतं. सकाळचे दोन तास मूर्खपणात गेले: यूएसबीमॉनचा मजकुरी मार्ग वापरला, जो प्रत्येक देवाणघेवाणीचे पहिले ३२ बाइटच दाखवतो. धड्याचं प्रत्येक पान उघडून फक्त पहिली ओळ वाचल्यासारखं. मग वायरशार्कने (वाहतूक टिपणारा प्रोग्राम) द्विमान मार्गावरून टिपलं तेव्हा सगळं आलं.

संभाषण असं: एक्सपी आधी डिव्हाइस आयडी मागतो. शेपूट नाही असं दिसताच बल्क (मोठ्या माहितीच्या) मार्गाने शंभर-दीडशे केबीचा लोंढा सोडतो. मग स्थिती विचारतो. उत्तरात एक बाइट, हेक्स १८, म्हणजे 'निवडलेला आहे, त्रुटी नाही'. लोंढ्याचे तुकडे क्रमाने जोडून एक फाइल केली. सुरुवातीला पीजेएलची (प्रिंटरला हुकूम देणाऱ्या भाषेची) ओळखीची सलामी, '@पीजेएल एंटर लँग्वेज=एसीएल', आणि त्यापुढे निव्वळ यंत्रभाषा. सीएमडीपुढे दिसलेलं ते एसीएल हेच. या प्रिंटरला जन्मतः येणारी भाषा एकच: 'मला शिकवा'.

सलामीनंतरचे बाइट सीडीवरच्या फाइलींशी ताडून पाहिले. एका .आयएमजीशी तंतोतंत जुळले. प्रिंटर बंद-चालू करून पुन्हा टिपलं, दोन्ही फाइलींची चेकसम (फाइलीवरून काढलेली पडताळणीची संख्या) एकच. वेळ, क्रमांक, किल्ली असलं काही त्यात मिसळलेलं नाही.

मग तो क्षण. एक्सपी बंद. प्रिंटर बंद करून चालू केला. फाइल थेट एलपी०मध्ये ओतली. एक सेकंद शांतता, आणि घरघर! मोठ्याने ओरडलो. घरात कोणी विचारायलाही आलं नाही, सवय झाली असावी.

पानाचा लोंढाही टिपून ठेवलाय. लिनक्सच्या 'फाइल' आज्ञेपुढे ठेवला तर तिने पटकन ओळखला: झेनोग्राफिक्स झेडजेस्ट्रीम. रचना साधी आहे. 'दस्तऐवज सुरू', 'पान सुरू', मग जेबिगने दाबलेले ठिपक्यांचे पट्टे, 'पान संपलं'. प्रत्येक नोंदीला सोळा बाइटचं डोकं आणि त्यात 'झेडझेड' ही खूण. जेबिग म्हणजे काळ्या-पांढऱ्या चित्रांसाठीचं आयटीयूचं टी.८२ मानक, १९९३ सालचं, सगळ्यांना वाचायला खुलं. एवढं गुपित राखून आत निघालं ते हे. राग आला तर याचाच येतो. काम संगणकाकडे सोपवलं ते ठीक, पण चार पानांत मावेल असं वर्णन छापून दिलं असतं तर हा प्रिंटर ढिगात पोचलाच नसता.

१६ नोव्हेंबर, रविवार

हात न लावता वाचन. याच कुळातले जुने नातेवाईक म्हणजे विनमोडेम. नाव यू.एस. रोबोटिक्सचं, पण पुढे सगळ्या जातीला चिकटलं. मोडेमच्या कार्डावरची गणिती चिप काढून टाकायची आणि आवाजाचं बिटांत रूपांतर करायचं काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर ढकलायचं. तो ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी. दुसऱ्या कुठल्याही सिस्टिमवर ते कार्ड म्हणजे टेलिफोनची तार खोचायची खाच.

त्यांतला एक किस्सा लिहून ठेवण्यासारखा आहे. लिनक्सॉन्ट कंपनी अशा मोडेमसाठी लिनक्सचे बंद ड्रायव्हर बनवायची. प्रत्येक मॉड्यूलने आपला परवाना कर्नलला सांगायचा असतो. तो मुक्त नसेल तर कर्नल 'टेंटेड', म्हणजे बाटलेला, असा शिक्का घेतो. या ड्रायव्हरने परवान्याच्या ओळीत 'जीपीएल' (मुक्त परवान्याचं नाव) लिहून त्यापुढे एक शून्य बाइट घातला होता आणि खुलासा त्यानंतर. सी भाषेत शून्य बाइटला ओळ संपते, त्यामुळे कर्नलने 'जीपीएल' एवढंच वाचलं. एप्रिल २००४मध्ये हे उघडकीला आलं आणि कर्नलवाल्यांनी चांगलंच फैलावर घेतलं. शिक्का पाहून गिऱ्हाईक घाबरतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. लबाडी खरी, पण देखणी लबाडी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आता प्रिंटर चालू होताच फर्मवेअर आपोआप चढायला हवं. यूडेव्हचा (नवं उपकरण जोडल्याची दखल घेणारा लिनक्सचा भाग) नियम लिहिला: हा प्रिंटर दिसला की ही स्क्रिप्ट चालव. स्क्रिप्टमध्ये तीन सेकंद थांबायचं, मग फाइल ओतायची. यूडेव्हला तिष्ठत ठेवू नये म्हणून शहाणपणाने ती पार्श्वभूमीत सोडली.

हाताने चालवली की चालते. यूडेव्हने चालवली की नाही. लॉगमध्ये अवाक्षर नाही.

संध्याकाळी पुस्तिका नीट वाचली (आधी वाचायची असते): घटना हाताळून झाली की यूडेव्ह मागे राहिलेल्या सगळ्या उपप्रक्रिया मारून टाकतो. माझी स्क्रिप्ट तीन सेकंदांच्या डुलकीतच मरत होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

नियमात आता यूडेव्ह काही चालवत नाही, फक्त सिस्टमडीला (लिनक्सच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या कारभाऱ्याला) निरोप देतो आणि सिस्टमडी सर्व्हिस सुरू करतो. पहिल्या फटक्यात घरघर. पान छापलं.

आणि छापून झाल्यावर पुन्हा घरघर. प्रत्येक पानानंतर. मजा वाटली, मग भीती. झालं असं: कप्स छापताना प्रिंटर यूएसबीएलपीच्या हातून काढून घेतो आणि काम झालं की परत देतो. परत देताना एलपी० नव्याने उगवतं, यूडेव्हला वाटतं नवा प्रिंटर आला, की पुन्हा शिकवणी. उपाय विंडोजनेच दाखवलेला: आधी आयडी विचार, एफडब्ल्यूव्हीईआर असेल तर गप्प बस.

त्यातही एक खड्डा. सिसएफएसमधून (कर्नल उपकरणांची माहिती फाइलींसारखी दाखवतो तिथून) आयडी वाचली तर फर्मवेअर चढल्यावरही जुनीच ओळ दिसते, कारण यूएसबीएलपी प्रिंटर पहिल्यांदा धरताना आयडी वाचून साठवतो आणि तीच शिळी दाखवतो. ताजी हवी तर आयऑक्टलने, म्हणजे थेट ड्रायव्हरला हाक मारून, मागायची. स्क्रिप्ट पायथनमध्ये पुन्हा लिहिली, तीस ओळी. वीस वेळा बंद-चालू केलं. वीसही वेळा एकदाच घरघर.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सगळं एआरएम बोर्डावर हलवलं. फर्मवेअर प्रिंटरच्या प्रोसेसरसाठी आहे, पाठवणारा कोणीही असो, त्यामुळे काही बदलावं लागलं नाही. फू२झेडजेएसचा कोड हाताशी असल्याने तोही एआरएमसाठी सरळ बांधला गेला. हाच ड्रायव्हर बंद आणि इंटेलपुरता असता तर इथेच गाडी अडली असती.

मजकुराचं पान चार सेकंदांत रंगतं. फोटोंनी भरलेल्या पीडीएफला बोर्डावर घोस्टस्क्रिप्टने (पीडीएफचे ठिपके करणारा प्रोग्राम) चाळीस सेकंद घेतले. चालेल.

६ डिसेंबर, शनिवार

कप्समध्ये रांग सामायिक केली, अवाही (नेटवर्कवर प्रिंटरची दवंडी पिटणारा प्रोग्राम) चालू केलं. फोनवर छपाईची यादी उघडली तर प्रिंटर हजर. फोनला वाटतंय हा एअरप्रिंटवाला, ड्रायव्हरशिवाय फोनवरून छापणारा, नवा प्रिंटर आहे. बिचारा बोर्ड मध्ये बसून थापा मारतोय: पुढून आयपीपी (नेटवर्कवरच्या छपाईची सामायिक भाषा) बोलतो, मागून झेडजेस्ट्रीम.

ताई लॅपटॉप घेऊन आली, विंडोज ११. नेटवर्कवरचा प्रिंटर म्हणून जोडला, विंडोजने स्वतःचाच आयपीपी ड्रायव्हर लावला, पान आलं. ज्या सिस्टिमवाचून याचं पान हलत नव्हतं, तिच्याकडे हा आता लिनक्सच्या ओळखीने जातोय. २०२३च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंच आहे की कंपन्यांचे वेगवेगळे प्रिंटर ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे सारायचे आणि सगळ्यांनी आयपीपीवर यायचं. ताईला हे समजावत होतो. ती म्हणाली, "ते राहू दे, दोन्ही बाजूंनी छापतो का?"

नाही छापत. कागद हाताने उलटावा लागतो.

७ डिसेंबर, रविवार

राहिलेलं: टोनर किती उरला ते कळत नाही, ती माहिती ड्रायव्हर कुठल्या वाटेने मागतो ते मी टिपलेलं नाही. कागद संपला की मात्र कळतं, त्या स्थितीच्या बाइटमध्ये त्याचा बिट आहे. फोटो गडद येतात. वीज जाऊन आली की बोर्ड उठेपर्यंत प्रिंटर मिनिटभर अडाणी असतो, मग घरघरतो.

फर्मवेअरची फाइल, सीडीची पूर्ण प्रत, फू२झेडजेएसचा कोड, तीस ओळींची स्क्रिप्ट आणि ही वही एका पेनड्राइव्हवर घातली. चेकसम कागदावर छापली, याच प्रिंटरवर. कागदात गुंडाळून पेनड्राइव्ह कागदाच्या ट्रेखाली चिकटपट्टीने चिकटवला.